जमिनीपासून मोजलेली उंची

माझ्या थोरल्या बहिणीला घरात सगळे मुकादम म्हणतात. हे नाव वडिलांनी ठेवलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता पन्नाशी उलटली, वडील गेले, तरी नाव काही सुटलं नाही. तिच्या कार्यालयात तिला मोठ्या बाई म्हणतात. बावीस बालवाड्या, चव्वेचाळीस सेविका आणि पाचशेला वीस कमी एवढी पोरं तिच्या अखत्यारीत आहेत. पण आमच्याकडे जेवायला आली की आईसुद्धा विचारते, "मुकादम, भात वाढू का?" आणि मुकादम ताटाकडे न बघता घड्याळाकडे बघते.

मी सुतार. माझा स्वभाव तापट आहे असं बायको म्हणते. मी म्हणतो, सकाळपासून वाकड्या लाकडाशी आणि त्याहून वाकड्या गिऱ्हाइकांशी गाठ पडली तर कोणीही तापेल. पण ही गोष्ट माझ्या रागाची नाही. ताईची आहे, आणि थोडी माझ्या मूर्खपणाची.

आधी ताईचं काम काय ते सांगतो, कारण मलाही ते बरीच वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं, पोरं जमवायची, गाणी म्हणायची, खाऊ घालायचं, संपलं. त्यात आखणी ती कसली? मग एकदा तिनं मला नव्या बालवाडीची, नऊ नंबरची, खोली दाखवायला नेलं. पूर्वी तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दार उघडल्याबरोबर माझी बहीण, चष्मा लावलेली, खांद्याला पिशवी, सरळ गुडघ्यांवर बसली आणि रांगायला लागली. सगळी खोली ती तशीच फिरली. परत आली ती बोटांवर मोजत. भिंतीतून बाहेर आलेले दोन खिळे, हाताला लागेल असं विजेचं एक बटण, आणि खिडकी इतकी उंच की तीन वर्षांच्या पोराला आयुष्यभर फक्त छत दिसेल. खिडकी खाली आणता येत नव्हती. म्हणून मला खिडकीखाली कठडा असलेली पायरी करायला लावली. पोरं आता त्या पायरीवर उभी राहून रस्त्यावरच्या बसगाड्या मोजतात.

वेळापत्रकही ती उलटं करते. कार्यालयातले साहेब उंटावरून शेळ्या हाकणारे. त्यांनी वरून कागद पाठवला होता, खाऊ अकरा वाजता. ताईनं आठवडाभर चार बालवाड्यांत नुसतं बसून लिहून काढलं की पोरं किरकिर कधी करतात, चावतात कधी, पेंगतात कधी. साडेदहाला पहिला चावा निघतो, असं तिच्या वहीत आहे. म्हणून केळं, दूध आणि उकडलेलं अंडं सव्वादहाला आलं. चावे निम्म्यावर आले. हे मला सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता की जणू लॉटरीच लागली.

आणि तिची ती खुर्ची. नवं मूल आलं की पहिल्या दिवशी आईनं किंवा बापानं खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचं. दुसऱ्या दिवशी खुर्ची हातभर दाराकडे सरकते. तिसऱ्या दिवशी आणखी. दहाव्या दिवशी ती दाराबाहेर असते, आणि मूल खेळण्यातून मानही वर करत नाही. अशा बावीस खुर्च्या मी केल्या. ताईनं बजावलं होतं की हात नकोत, पाठ सरळ हवी, बसणाऱ्याला फार आराम वाटता कामा नये, नाहीतर आया उठतच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम वाईट खुर्ची केली.

ही खुर्ची तिनं कुठल्या पुस्तकातून घेतली, असं एकदा मी विचारलं. ती म्हणाली, तुझ्यावरून. आमची आई डबे भरायच्या कारखान्यात जायची. मी दोन वर्षांचा, ताई नऊची. आई निघाली की मी असा आकांत मांडायचो म्हणे की शेजारी धावत यायचे. मग ताईनं आईचा जुना कोट खुर्चीवर टाकला, आणि रोज ती खुर्ची माझ्या नकळत दाराकडे सरकवली. शेवटी खुर्ची बाहेर गेली, कोट खुंटीवर गेला, आणि मी राहिलो. म्हणजे तिची पहिली बालवाडी एका खोलीची आणि एका पोराची, आणि ते पोर मी. त्याच आठवड्यात वडिलांनी तिला मुकादम म्हटलं.

आता फळ्यांकडे येतो. घोडं पेंड खातं ते तिथंच.

ताईचे हे सगळे बदल म्हणजे कार्यालयाच्या दृष्टीनं प्रयोग होता, तीन वर्षांचा. तीन वर्षं संपली की समिती येणार, पोरांना काही फरक पडला का ते बघणार, आणि बालवाड्या चालू ठेवायच्या की कुलूप लावायचं ते ठरवणार. समिती भावनांवर चालत नाही. पोरांची उंची आणि वजन बघते. वजनाचे काटे कार्यालयाचे होते. उंची मात्र तोवर भिंतीला टेप लावून मोजत, आणि त्यात प्रत्येक सेविकेचा हात वेगळा. म्हणून ताईनं शेवटच्या सहामाहीच्या अखेरच्या मोजणीसाठी माझ्याकडून उंची मोजायच्या फळ्या करून घेतल्या. एक उभी फळी, तिच्यावर चिकटवलेली मापाची पट्टी, खाली पाय ठेवायला आडवी फळी, आणि वर डोक्याला टेकवायची सरकती पट्टी. बावीस नग. कोपरे घासून गुळगुळीत केले. खरं सांगतो, माझ्या हातून इतकं सुबक काम फार क्वचित झालंय.

त्या सहामाहीचे आकडे आले आणि कार्यालय नाचायला लागलं. आधीच्या सहामाहीत पोरं सरासरी अडीच सेंटिमीटर वाढली होती, या वेळी सव्वापाच. साहेबांचं शाबासकीचं पत्र आलं. ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आईनं पत्र शेजारी तीन घरांत वाचून दाखवलं, आणि फळ्या माझ्या मुलानं केल्यात, हेही सांगायला विसरली नाही.

समितीला नऊ दिवस होते. माझी मुलगी, उशिरा झालेली, चार वर्षांची, घरात तिला भिंगरी म्हणतात, ती नऊ नंबरच्या बालवाडीत जाते. त्या दिवशी ती घरी आली ती छाती काढून, आपण फळीवर एकशे तीन झालो म्हणून. मी तिला दाराच्या चौकटीला उभं केलं, तिथं मी कोरलेल्या मापाच्या खुणा आहेत. एकशे एक भरली. पुन्हा मोजली. एकशे एक. भिंगरी रडायला लागली की बाबांनी दोन चोरले.

ताई तेव्हा आईला औषध द्यायला आली होती. मी तिला चिडवलं, तुझी बालवाडी पोरांना पंप मारून फुगवते की काय. ती हसली नाही. पिशवी उचलली, मला म्हणाली चल, आणि आम्ही नऊ नंबरला गेलो. बालवाडी सुटली होती, सेविका झाडत होती. ताई फळीपुढं गुडघ्यांवर बसली.

"पट्टी कुठून चिकटवलीस?"

"जमिनीपासून. आणखी कुठून?"

"आणि पोरं कुठं उभी राहतात?"

मी आडव्या फळीकडे बघितलं. जमिनीपासून तिची जाडी दोन सेंटिमीटर. कपाट असो, टेबल असो, खिडकी असो, सुतार उंची जमिनीपासूनच धरतो. माझ्या हाताला दुसरी सवयच नाही. पण पोर जमिनीवर उभं राहत नव्हतं, फळीवर उभं राहत होतं, आणि त्यावर पाय ठेवल्याक्षणी दोन सेंटिमीटर फुकटात मिळवत होतं. 

तरी मी माझा स्वभाव सोडला नाही. आधी म्हणालो, आमच्या घरची चौकटच खचली असेल. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मग म्हणालो, त्यात काय एवढं, सगळ्यांतून दोन वजा कर, काम फत्ते. ताईनं विचारलं, बावीसही फळ्यांची जाडी सारखी आहे का?  आडव्या फळ्या मी उरलेल्या लाकडाच्या केल्या होत्या, एका कपाटाची, एका दुकानाच्या फडताळाची. काही दीड सेंटिमीटरच्या, काही अडीचच्या. कुठली कुठं गेली ते मला सांगता येईना.

तिथूनच तिनं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, समिती येऊन जाऊ दे, मग सावकाश बघू. आकडे गेलेत, पत्र गेलंय, आता कशाला उकरून काढता? तुमच्याच चव्वेचाळीस बायकांच्या नोकऱ्या आहेत. ताई ऐकून घेत होती. तिला चव्वेचाळीस बायका तोंडपाठ आहेत, कोणाचा नवरा आजारी, कोणाची सासू अंथरुणाला, सगळं. फोन ठेवल्यावर ती त्या छोट्या पायरीवर बसली, खिडकीखालच्या, आणि बोटांवर एकेक सेविका मोजत राहिली. मला तेव्हा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. खोटे आकडे ठेवले तर बालवाड्या वाचतात, खरे दिले तर जातात, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

मग तिनं पिशवीतून कागद काढला. दहा मिनिटांत आठ दिवसांची आखणी तयार. दुपारी मी तीन बालवाड्यांत जायचं, पट्टी खरवडून काढायची, आडव्या फळीच्या वरच्या कडेपासून पुन्हा चिकटवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सेविका सगळ्या पोरांना पुन्हा मोजणार. सकाळीच का, असं मी विचारलं. कारण माणूस सकाळी किंचित उंच असतो आणि दिवसभरात दबतो, पहिली मोजणी सकाळची होती म्हणून हीसुद्धा सकाळचीच. हे मला चव्वेचाळीसाव्या वर्षी कळलं. मी विचारलं, साहेबांना काय सांगणार? ती म्हणाली, त्यांना सांगून झालं, आता समितीला सांगायचं.

ते आठ दिवस मी खरवडणी घेऊन सगळीकडे फिरलो. धोब्याच्या दुकानावरची बालवाडी, बस आगारामागची, पुलाखालची. दुपारची वेळ, पोरं ओळीनं झोपलेली, मी पाय न वाजवता आत. प्रत्येक ठिकाणी माझ्या हातच्या वस्तू होत्या. एका खुर्चीवर एक बाप बसला होता, सिमेंटनं माखलेला, चौथा दिवस असावा, खुर्ची दाराच्या अर्ध्या वाटेवर आली होती. पाठ ताठ करून बसलेला आणि डोळ्यांत पाणी. सेविका मला हळूच म्हणाली, पोरगं पहिल्या दिवशीच रमलं हो, खुर्ची आम्ही याच्यासाठी सरकवतोय. मी पट्टी चिकटवायचं सोडून बाहेर जाऊन उभा राहिलो. माझ्या बहिणीचं काम काय आहे ते मला त्या दिवशी कळलं, आणि आपण ते बुडवायला निघालो होतो हेही.

सेविकांपैकी कोणी मला बोल लावला नाही. चौदा नंबरच्या म्हाताऱ्या सेविकेनं फक्त विचारलं, दादा, आमच्या घरचा पाट तुम्हीच केलाय का, तो डुगडुगतो. एवढं सोसलं मी.

नवव्या दिवशी समिती नऊ नंबरला आली. तिघं होते. दोन पुरुष, फाइली घेतलेले, आणि एक वयस्कर डॉक्टरीणबाई, पांढरे केस, हातात जुनी पर्स. साहेबही होते, ताईकडे न बघता. मी शेवटच्या बालवाडीतली फळी घेऊन आलो होतो, कारण तिची सरकती पट्टी अडकत होती आणि ताईनं ती दुरुस्त करून तिथंच आणायला सांगितलं होतं. आत जायची हिंमत होईना. दाराबाहेर एक खुर्ची होती, कोणाचा तरी दहावा दिवस असणार. मी तिच्यावर बसलो. पाच मिनिटांत पाठीला कळलं की मी काय करून ठेवलंय. पण आतलं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

ताईनं आडवळण घेतलं नाही. आधी पाठवलेले आकडे चुकीचे आहेत, असं म्हणून तिनं नवे कागद पुढं केले. सव्वापाच नाही, सव्वातीन. फळी कशी चुकली, कशी दुरुस्त केली, पुन्हा कधी मोजलं, सगळं क्रमानं सांगितलं. साहेब खोकले. डॉक्टरीणबाईंनी कागद शांतपणे वाचले आणि मग विचारलं की फळ्या वापरण्याआधी तपासल्या नव्हत्या का.

"नाही," ताई म्हणाली. "सेविकांच्या पुस्तिकेत मीच लिहिलंय, फळी आली की आधी मीटरच्या काठीनं तपासायची. पान चार. बावीसांतली एकही तपासली नाही."

"का?"

"माझ्या भावानं केल्या होत्या. त्याचं काम तपासायचं असतं, हे माझ्या मनातच आलं नाही."

मी त्या खुर्चीवर बसलो होतो. हात नसलेली खुर्ची, धरायलाही काही नाही. इतके दिवस मी मनात म्हणत होतो की चूक माझी आहे पण नाव तिचं जाणार. ती माझं नाव पुढं करेल, सुतारानं घोळ केला म्हणेल, असं मला वाटलंही होतं. तेही खरंच होतं की. तिनं चूक स्वतःच्या पदरात घेतली, आणि घेताना माझ्याबद्दल जे बोलली ते मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. मी रडलो. सिमेंटवाल्या बापाला हसायचा मला आता अधिकार नाही.

 आत पर्सची चेन वाजली. डॉक्टरीणबाईंनी त्यातून स्वतःचा पोलादी टेप काढला आणि एखादं मूल हवं म्हणाल्या. भिंगरी अशा वेळी मागं राहील तर ती भिंगरी कसली. ती आपणहून फळीवर जाऊन ताठ उभी राहिली. फळीवर एकशे एक. टेपनं एकशे एक. भिंगरीनं डॉक्टरीणबाईंना खालच्या आवाजात सांगितलं की मी एकशे तीन होते, पण बाबांनी दोन परत घेतले.

डॉक्टरीणबाई हसल्या आणि खाली बसल्या, त्या पोरांच्या बुटक्या खुर्चीवरच. मग ताईला म्हणाल्या, "हा टेप मी मुद्दाम आणला होता. सहा महिन्यांत सव्वापाच सेंटिमीटर या वयाची मुलं वाढत नाहीत. तुमचा कागद बघितला तेव्हाच मी ठरवलं होतं की आकडे बनवलेले आहेत, आणि इथं कुलूप लावायला हवं."

साहेबांचा खोकला एकदम थांबला. त्या पुढं म्हणाल्या, सव्वातीन म्हणजे या वयाला जेवढं वाढायला हवं तेवढं. आधी पोरं अडीचवर अडली होती, ती आता आपल्या वाटेला लागली आहेत. यापेक्षा जास्त कोणी मागू नये. मग त्यांनी ताईची ती चाव्यांची वही मागून घेतली, आणि नंतरचा पाऊण तास त्या दोघी उंची विसरून साडेदहाच्या चाव्यांवर बोलत बसल्या. फाइलवाल्या दोघांना कोणीतरी केळी दिली.

महिन्याभरानं हुकूम आला. बावीस बालवाड्या चालू, आणि पुढच्या वर्षी आणखी चौदा उघडायच्या. आईनं हाही कागद तीन घरांत वाचून दाखवला. या वेळी फळ्यांचा विषय मात्र तिनं टाळला.

ताई दुकानात आली ती नव्या चौदा फळ्यांचं काम घेऊन. मला वाटलं होतं, आता दुसरा सुतार बघेल. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, दुसऱ्याला खुर्ची इतकी वाईट करता येणार नाही.  मी बाकाखालून कापडात गुंडाळलेली काठी काढली. फळ्या तपासायची काठी, बरोबर एक मीटर, माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या, वाळलेल्या, कधीही न वाकणाऱ्या लाकडाची. दोन रविवार घालवले होते तिच्यावर.

ताईनं ती हातात घेतली, उजेडात धरून बघितली, तेल पाजलंस वाटतं म्हणाली. मग चष्मा नीट केला, पिशवीत हात घातला आणि एक पोलादी टेप काढला. नवा कोरा. काठी माझ्याच बाकावर आडवी ठेवली आणि माझ्या डोळ्यांदेखत मोजली. मग उलटी करून दुसऱ्या टोकाकडून मोजली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

माझ्या कामावर इतका अविश्वास दाखवून कोणी मला इतका आनंद दिलेला नाही. मी म्हटलं, मुकादम, आणखी एकदा मोज. तिनं मोजली.